ती जेवतेय, नंतर फोन करा

फोन टोपलीत टाकण्याआधी ओदीलियाने एकदा आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी टोपली तिच्यापुढे तशीच धरून ठेवली.

“आजच्या दिवस राहू दे ना माझ्याकडे, आजोबा. बॉस्टनहून फोन यायचाय.”

“जेवताना देवाचा फोन आला तरी त्याला थांबावं लागेल,” जासिन्तो म्हणाले. “बॉस्टनचं काय घेऊन बसलीस!”

फोन टोपलीत पडला. रविवारच्या जेवणाला सगळ्यांचे फोन पावाच्या टोपलीत आणि टोपली स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, हा नियम आजी गेली तेव्हापासूनचा. तिला पुरून आल्यावर जे जेवण झालं, त्यात निम्मी नातवंडं मान खाली घालून बोटं चालवत होती. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि मनात धरलं. जासिन्तो मेदेरोस यांनी मनात धरलेली गोष्ट आमच्या फॉल रिव्हरमध्ये आजवर कुणी सोडवू शकलेलं नाही. पाद्रीबाबांनीही एकदा प्रयत्न करून पाहिलाय.

अंगणात ओदीलियाचा मामा जर्मानो पातेल्याशी झुंजत होता. पातेलं असं की त्यात एखादं लहान मूल आंघोळ करेल. तळाला बटाटे आणि कांदे, त्यावर लिंग्विसाचे, म्हणजे लसणीच्या पोर्तुगीज सॉसेजचे लालभडक तुकडे, त्यावर कणसं आणि सगळ्यात वर जाळीत बांधलेले तिसऱ्यांचे शिंपले. झाकण उचललं की वाफेबरोबर समुद्र आणि लसूण एकदमच अंगावर यायचे. ओदीलियाची आई फिलोमेना लांब टेबलावर कागद अंथरत होती, पण तिची नजर मुलीवर होती. ओदीलियाचा हात पुन्हापुन्हा खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता.

उद्या मुलाखतींचा आठवडा सुरू होणार होता. फिलोमेनाला मुलीने हे सगळं नीट समजावलं होतं, तरी तिला त्यातलं निम्मं पटलेलं नव्हतं. बॉस्टनच्या एका हॉटेलात म्हणे मोठमोठ्या वकिली फर्म खोल्या घेतात, खोल्यांतले पलंग काढून टाकतात, आणि वकिलीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरापोरींना एकामागून एक आत बोलावतात. चहा गार होईपर्यंत बोलणं, की संपली मुलाखत. त्यातून जे निवडले जातात ते पुढच्या उन्हाळ्यात त्या फर्ममध्ये काम करतात, आणि त्यांनाच पुढे कायमची नोकरी मिळते. हे दार एकदाच उघडतं. नंतर खिडकीतून शिरणारे फार थोडे.

“पण पलंग जातात कुठे?” हा फिलोमेनाचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला अजून कुणी दिलेलं नव्हतं.

आत शिरायचं तर आधी मुलाखतीची वेळ मिळायला हवी, आणि खरी रड तिथेच होती. ओदीलियाला हवी होती ती फर्म म्हणजे विंगेट अँड लस्क. तिथे जहाजांचे आणि मच्छीमारांचे खटले चालवणारा वेगळा विभाग होता. बाप व्हर्जिलियू वर्षातले अर्धे दिवस बोटीवर, आताही तो समुद्रातच होता. धक्क्यावरच्या भांडणांच्या, तुटलेल्या हातापायांच्या आणि बुडालेल्या बोटींच्या गोष्टी ऐकत ही मुलगी वाढलेली. दुसऱ्या कुठल्या कामासाठी तिने वकिली शिकायला घेतलीच नव्हती. आणि नेमकी त्याच फर्मची वेळ तिला मिळाली नव्हती.

“दादा, आता पुन्हा सुरू करू नकोस,” ओदीलिया म्हणाली, कारण तिचा मावसभाऊ नेल्सन समोर येऊन बसला होता आणि त्याने बाह्या वर केल्या होत्या.

“मी काही सुरू करत नाहीये. मी फक्त विचारतोय. लस्क कितव्या नंबरावर टाकली होतीस?”

“मधे कुठेतरी.”

“मधे!” नेल्सनने कणीस खाली ठेवलं. “अगं, मधे ठेवलेलं कुणालाच मिळत नाही. कॉलेजची सोडत असते ती. सगळा वर्ग आपापल्या पसंतीची यादी देतो आणि कॉम्प्युटर वरून खाली वाटत जातो. ज्या फर्मवर सगळ्यांच्या उड्या, ती पहिल्या फेरीतच संपते. मग यादी मनाच्या क्रमाने लावायची नसते. कुठे किती जागा, कुठे किती गर्दी, ते बघून लावायची. जी मोठी फर्म ढिगाने पोरं बोलावते तिला खाली टाकलं तरी चालतं. जी मोजकीच बोलावते, तिला वर घ्यायचं.”

“मला माहीत होतं रे ते.”

“मग?”

ओदीलियाने एक तिसरी उघडली आणि म्हणाली, “मला वाटलं, जहाजांचे खटले कुणाला हवेत? वर्गातल्या निम्म्या लोकांना बोटीवर उलट्या होतात. समुद्र आपल्याच लोकांचा, असं धरून चालले मी. म्हणून वरच्या जागा नावाजलेल्या फर्मना दिल्या. आणि तिथेही काही लागलं नाही.”

मग जर्मानोला हसू आवरेना. पाठोपाठ सगळेच हसले, ओदीलियासुद्धा.

“समुद्र आपलाच आहे ग पोरी,” जर्मानोने डोळे पुसले. “पण बोटी त्यांच्या आहेत!”

दोन लहानसहान फर्मच्या वेळा मिळाल्या होत्या, त्यातली एक तर पार मेन राज्यातली, आणि तिथे जमिनीचेच खटले चालायचे. बाकी आठवडाभर हॉटेलच्या बोळात उभं राहायचं. प्रत्येक फर्मच्या खोलीबाहेर बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि एक हसरी बाई असते. तिच्याकडे आपल्या माहितीचा कागद द्यायचा, आणि कुणी आलं नाही तर आत घेता का म्हणून विचारायचं. पुष्कळ जण असे आत गेलेत. त्याहून पुष्कळ जण बिस्किटं खाऊन परत आलेत.

“सोडतबिडत मला सांगू नका,” जर्मानो म्हणाला. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा असा हा फिलोमेनाचा थोरला भाऊ दगडी बांध घालण्याचं काम करायचा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ओळखीने होते यावर त्याची देवावर नसेल एवढी श्रद्धा होती. “लव्हरिंगसाहेब त्याच फर्ममध्ये आहेत ना? त्यांच्या वेस्टपोर्टच्या बंगल्यापुढचा बांध कुणी घातला? मी. वादळं आली आणि गेली, एक दगड हलला नाही. एक फोन टाकतो.”

“मामा, नाही! माझी शपथ आहे तुला.”

“का? वशिला म्हणजे काय पाप आहे?”

“त्या लोकांत आहे.”

“पाप नाही,” नेल्सन म्हणाला. “फक्त तो मामाने लावायचा नसतो, जिचा तिनं लावायचा असतो. मग त्याला ओळखी वाढवणं म्हणतात.”

“म्हणजे वशिलाच.”

“कोट घातलेला.”

“आणि ते मी केलंय,” ओदीलिया म्हणाली. तिच्या कॉलेजातून तिथे गेलेल्या वकिलांना तिने चार ओळींची पत्रं पाठवली होती: नोकरी द्या असं नाही, कॉफीपुरता वेळ द्या, तुमचं काम कसं असतं ते ऐकायचंय. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. जहाजांच्या विभागातल्या एका तरुण वकीलबाईंनी दिलं, आणि त्यांच्याशी बोलणं छान झालं. त्यांच्याच सांगण्यावरून ती फर्मच्या खुल्या संध्याकाळीही गेली होती. “तिथे सगळी पोरं भागीदारांभोवती, मला तर आतही शिरता येईना. मग भरतीचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या, ग्रेटचेन ओल्डहॅम म्हणून, त्यांच्याशी बोलत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना आभाराच्या दोन ओळी लिहिल्या.”

नेल्सनने तिच्याकडे नव्याने पाहिलं. “त्यांना लिहिलंस? भागीदाराला नाही?”

“भागीदाराने माझ्याशी बोलायला हवं होतं ना.”

“छान केलंस. आठवडाभराच्या वेळा त्याच बाईच्या हातात असतात आणि तिला कुणी विचारत नाही. मला हे तेव्हा कळलं असतं तर…” त्याने वाक्य अर्धं सोडलं आणि लिंग्विसाचा तुकडा उचलला.

“त्यांनी मला वेटिंगवर ठेवलंय. ज्यांच्या पदरात जास्त पडल्यात ते आज दुपारी वेळा सोडतात. काही सुटलं तर फोन करते म्हणाल्या.”

सगळ्यांनी मिळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. जासिन्तोंनी मात्र पाहिलं नाही. ते मन लावून बटाटा सोलत होते.

*

नेल्सनचं ते अर्धं वाक्य आणखी एका माणसाने ऐकलं होतं. त्याची आई लुर्डस खिरीच्या बशा आणायला उठली होती आणि दारात पोचली होती. ती न थांबता आत गेली.

खीर तिनेच केलेली होती. भाताची, घट्ट, वर चिमटीने दालचिनी सोडून काढलेली नक्षी. नक्षीत लुर्डसचा हात धरणारं आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी नाही. पण आज तिची नक्षी वाकडी गेली होती.

तिच्या डोळ्यांपुढे तोच हॉटेलचा बोळ होता. नेल्सन शिकत होता त्या वर्षी तो आठवडाभर तिथे उभा राहिला होता. नवे बूट, हातात कागदांची चळत. शुक्रवारी घरी आला आणि बूट काढले तर दोन्ही टाचा फुटलेल्या. तिने गरम पाणी आणलं, तो म्हणाला, “राहू दे आई, झालं.” बस, एवढंच. आता कोलंबिया स्ट्रीटवर बेकरीच्या वर त्याचं ऑफिस आहे. लोकांची मृत्युपत्रं करतो, घरांची खरेदीखतं करतो, नाताळात अशील वाइन आणून देतात. तो सुखात आहे असं तोच म्हणतो. लुर्डसला ते कधी पटलं नाही. ज्यांनी आपल्या पोराला खोलीत घेतलं नाही त्यांची तिला नावंही माहीत नव्हती, पण राग मात्र एकेकाचा वेगवेगळा होता.

टोपलीतला एक फोन वाजू लागला.

ओदीलियाचा. नंबर बॉस्टनचा. बाबांना ऐकू गेलं तर कटकट होईल, एवढाच विचार करून लुर्डसने तो उचलला.

“ओदीलिया फुर्तादो यांच्याशी बोलता येईल का?”

“ती जेवतेय,” लुर्डस म्हणाली.

हे तिच्या तोंडून आपसूक गेलं. आमच्यात जेवत्या माणसाला कुणी उठवत नाही. घराला आग लागली तरी आधी जेवण झालं का विचारतील.

“मी विंगेट अँड लस्कमधून ग्रेटचेन ओल्डहॅम. थोडं तातडीचं—”

“अजून खीर व्हायचीय. चारनंतर करा तुम्ही.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

लुर्डसने फोन जागेवर ठेवला. मग कुणाचा फोन होता ते तिच्या डोक्यात शिरलं. अंगणात जायचं आणि सांगायचं, चार पावलांचं काम. तिने बशा उचलल्या, बाहेर आली, ओदीलियापुढे पहिली बशी ठेवली. सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात नेल्सन कशावर तरी मोठ्याने हसला. तोंडात घास, शर्टावर लोण्याचा डाग, बहिणीला शिकवतोय, जे त्याला स्वतःला कधी कुणी शिकवलं नाही. लुर्डसचं तोंड मिटलं. खीर होऊ दे, असं तिने स्वतःला सांगितलं. एवढं काय, खीर होऊ दे.

*

कॉफी झाल्यावर टोपली बाहेर आली. ओदीलियाने आपला फोन काढला आणि तिथेच उभी राहिली.

“हा फोन कुणी घेतला?”

“कुठला?” फिलोमेना हात पुसत आली.

“बॉस्टनचा नंबर आहे, आई. कुणीतरी घेतलाय. बोललंय कुणीतरी. तास होत आला.”

लुर्डस सुक्या बशीवरून फडकं फिरवत होती. “मी घेतला. जेवतेय म्हटलं, चारनंतर करा म्हटलं. मग विसरले बाई, बशांच्या नादात.”

“कोण होतं?”

“ती तुझी… ग्रेटचेन.”

ओदीलिया बाजूला गेली, नंबर लावला. फोन वाजत राहिला आणि मग नोंदवलेला आवाज आला. तिने बंद केला.

“चारनंतर करेल ना ती,” लुर्डस म्हणाली. “बरं म्हणाली.”

“ती कशाला करेल, आई?” नेल्सन हळू आवाजात म्हणाला. “वेळ एक, आणि वेटिंगवर पोरांची रांग. जो पहिला फोनवर हो म्हणेल त्याची. ती केव्हाच पुढच्या नावाकडे गेली असेल.”

मग फिलोमेनाचा बांध फुटला. एरवी ही धाकटी बहीण मऊ म्हणून ओळखली जायची, पण मुलीसाठी ती काय करेल याचा नेम नव्हता.

“विसरलीस? तू विसरलीस, ताई? माझ्या लग्नात कुणी किती पेले फोडले ते आजही सांगतेस तू!”

“माणूस विसरतं ग कधी.”

“तू नाही विसरत! बोलायला लावू नकोस मला. तुझ्या पोराला मिळालं नाही म्हणून माझ्या पोरीला—”

“फिलोमेना!” जर्मानो मध्ये पडला. लुर्डसचं आणि त्याचं एरवी कधी जमलं नाही, ख्रिसमसला कुणाकडे जेवायचं यावरून दोघं महिनोन् महिने बोलत नसत. पण आज तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. “जीभ आवर. ताईनं काय वाईट केलं? पोर जेवत होती, जेवतेय म्हणून सांगितलं. मीही तेच सांगितलं असतं. तूही सांगितलं असतंस.”

“सांगितलं असतं! पण मग येऊन पोरीलाही सांगितलं असतं!”

लुर्डस बशी पुसतच होती. जासिन्तो खुर्चीतून उठले, टोपली उचलली आणि आपल्या खुर्चीखाली पायाने सरकवून ठेवली.

“टोपली माझी,” ते म्हणाले. “कुणाला ओरडायचं असेल तर मला ओरडा.”

आता म्हाताऱ्याला कोण ओरडणार? फिलोमेना तोंड फिरवून रडायला लागली. जर्मानोने खिशातून फोन काढला. “मी लव्हरिंगसाहेबांना लावतो. शपथ गेली खड्ड्यात.”

ओदीलियाने त्याचं मनगट धरलं. घट्ट, पण तिचा आवाज शांत होता. “मामा, ऐक. तू फोन केलास आणि मला वेळ मिळाली, तर मी त्या खोलीत दगडी बांधवाल्याची भाची म्हणून जाईन. मी चांगली आहे, मामा. मला माझी म्हणून जायचंय. नाही मिळाली तर बोळात उभी राहीन.”

जर्मानोने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे त्याने नाक शिंकरलं. फोन खिशात गेला.

*

नेल्सनने आईकडे एकदाच पाहिलं. बशी कधीचीच कोरडी झालेली होती. लहानपणापासून तो या बाईला ओळखत होता आणि काही लपवायचं असलं की ती सुकं भांडं पुसत बसते हेही त्याला ठाऊक होतं. बोलायची ती वेळ नव्हती.

“इकडे ये,” तो ओदीलियाला म्हणाला. “पुन्हा फोन लावू नकोस. सारखा वाजणारा फोन म्हणजे कटकट्या माणूस. एक निरोप लिही. छोटा.”

“काय लिहू? माफी मागू? सांगू का, घरात नियम आहे—”

“काहीच सांगू नकोस. ती बाई आज शंभर पोरांच्या शंभर कहाण्या ऐकतेय. तिला एकच गोष्ट हवीय, भोक बुजवणारं माणूस. नाव लिही. तुमचा फोन चुकला, लिही. या आठवड्यात कुठलीही वेळ कधीही सुटली तर मी येईन, आधी विचारायचीही गरज नाही, हे लिही. संपलं.”

“सोमवारी पहाटेही?”

“पहाटे पलंग काढत असतील ना,” फिलोमेना रडतारडताच म्हणाली, आणि ओदीलियाला अशा वेळीही हसू फुटलं.

निरोप गेला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळे कामाला लागले. जर्मानोने पातेलं पालथं घालून पाण्याचा पाइप मारला. फिलोमेनाने शिंपल्यांसकट कागद गुंडाळले. बहिणी एकमेकींच्या शेजारून जात होत्या, पण एकमेकींना ओलांडून, रस्त्यात पाणी साचल्यावर माणूस जातो तसं. ओदीलिया मोरीशी उभी राहून भांडी घासायला लागली, कारण हात मोकळे ठेवले तर ते फोनकडे जात होते. फोन शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर.

नेल्सन फडकं घेऊन तिच्या बाजूला उभा राहिला.

“दादा, तुला राग येतो का रे? अजून?”

“कशाचा?”

“त्या आठवड्याचा.”

त्याने विचार केला. “पहिली दोन वर्षं यायचा. मग एक म्हातारी आली, तिचं घर मुलगा विकायला निघाला होता. ते घर वाचवलं मी. त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं की आज दिवसभरात राग आला नाही. मग येईनासाच झाला.” त्याने पेला उजेडात धरून पाहिला. “आईला मात्र अजून येतो. माझ्या वाटचा.”

ओदीलियाने पुढचा पेला त्याच्या हातात दिला.

चार वाजून गेले. कुणी घड्याळाकडे पाहत नव्हतं, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचं लक्ष नसताना पाहत होतं. आणि मग कट्ट्यावरचा फोन थरथरला.

ओदीलियाचे हात कोपरापर्यंत फेसात. फोन घसरून मोरीत पडला असता, पण मागून लुर्डसचा हात आला, तिने तो उचलला, बटण दाबलं आणि भाचीच्या कानाला लावून धरला. अंगणातला पाइप बंद झाला. जर्मानो ओल्या बुटांनी दारात येऊन थांबला. लुर्डसच्याच घरी असता तर तिने त्याला हाकलला असता.

“हो, मीच,” ओदीलिया म्हणाली. “हो… नाही, अजिबात नाही… हो. हो. मंगळवार. सकाळी. हो, नक्की.” मग ती ऐकत राहिली, आणि तिचे डोळे मोठे झाले. “भाताची. दालचिनी घालून… सांगते. आभारी आहे. खूप आभारी आहे.”

लुर्डसने फोन खाली घेतला.

“मंगळवारी,” ओदीलिया म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता येईना.

फिलोमेनाने तिला फेसासकट कवेत घेतलं. जर्मानोने आरोळी ठोकली ती शेजारच्या कुत्र्यांनी उचलून धरली. जासिन्तोंनी टोपीला हात लावून वर आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले, जणू त्यांच्यात आणि वरच्यात हे आधीच ठरलं होतं. नेल्सन भिंतीला टेकून हसत होता.

“सांग, सांग, काय म्हणाली?”

“दुपारी जी वेळ सुटली होती ती गेली. दुसऱ्याने घेतली. पण आता आणखी एकाने सोडली, आणि माझा निरोप समोरच होता. म्हणाल्या, एवढा छोटा निरोप आज कुणाचाच आला नाही.” ती हसत होती, रडत होती. “आणि म्हणाल्या, चारनंतर करायला सांगितलं होतं म्हणून चारनंतर केला. खीर कसली होती विचारत होत्या.”

सगळे खो खो हसले. फिलोमेना हसताहसता बहिणीजवळ गेली, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. “ताई, मी काय काय बोलले. विसर ग.”

“असू दे,” लुर्डस म्हणाली.

*

उन्हं उतरली तशी मंडळी पांगली. नेल्सन म्हणाला होता, उद्या संध्याकाळी ऑफिसात ये, मी मुलाखत घेणारा भागीदार बनतो आणि तुला छळतो. ओदीलिया गाडीच्या मागच्या सीटवर पिशव्या ठेवत होती. लुर्डस बाहेर आली, फिलोमेना आणि बाबा आत आहेत हे तिने आधी पाहिलं.

गप्प राहिली असती तर झालं असतं. सगळं निभावलं होतं. फिलोमेनाने माफीसुद्धा मागितली होती, आणि तेच तिला गिळवत नव्हतं.

“दीलिया, मी विसरले नव्हते.”

ओदीलियाचा हात पिशवीवर थांबला.

“नाव ऐकलं, कळलं मला. सांगायला आले, आणि नाही सांगितलं. मुद्दाम ठरवून नाही ग. पण विसरलेही नव्हते. ती पहिली वेळ माझ्यामुळे गेली.” लुर्डसने गाडीच्या दारावर हात ठेवला. “ही दुसरी आली नसती तर काय केलं असतं मी, तेच मघापासून मनात येतंय.”

ओदीलियाला राग आला, लुर्डसला तो दिसला, आणि तिने तो जाण्याची वाट पाहिली. तो गेला नाही, पण त्याच्या बाजूला दुसरं काहीतरी येऊन बसलं. ओदीलियाने खिडकीकडे पाहिलं. आत फिलोमेना गुणगुणत पेले कपाटात लावत होती.

“आईला सांगितलंस?”

“नाही. आता जाते आणि सांगते.”

“नको.” ओदीलियाने गाडीचं दार लावलं. “मला सांगितलंस, माझं होतं ते मला मिळालं. आईला सांगितलंस तर तिची बहीण जाईल. तिला कधीच सांगू नकोस, मावशी. मीही सांगणार नाही.”

लुर्डसने मान हलवली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. सकाळपासून सगळ्यांना वाढण्यात आपण काहीच खाल्लेलं नाही हे तिला आता जाणवलं, आणि ती तडक आत गेली, बहिणीच्या शेजारी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवली.